आलं, आलं... गेलं!

सरकारच्या मनात सध्या असं आहे की मोबाइलवर टीव्ही दिसावा आणि त्याला नेट लागू नये. या योजनेचं नाव ‘डायरेक्ट टू मोबाइल’, लाडाने डीटूएम. मनोऱ्यावरून लहरी सुटतील, फोनमधली एक चिप त्या पकडेल आणि ज्याचा रिचार्ज परवाच संपलाय असा माणूसही बातम्या, क्रिकेट, भजन जे काय चालू असेल ते बघेल. कानपूरची आयआयटी आणि बंगळुरूची सांख्य लॅब्ज यांनी हे जमवून आणलं. बंगळुरू, नोएडा आणि दिल्लीचा कर्तव्यपथ इथे चाचण्याही झाल्या. २०२४ च्या जानेवारीत तेव्हाचे माहिती-प्रसारण सचिव अपूर्व चंद्र यांनी आणखी १९ शहरांत चाचण्या घेणार असल्याचं सांगितलं.

नगरचा माणूस अशा वेळी यादी मागत नाही. पुणे, नाशिक आणि औरंगाबाद या तिघांच्या मधोमध आपण आहोत आणि प्रत्येक सोय तिन्ही बाजूंनी निघून आपल्या वेशीवर येऊन दम खाते, हे त्याला पक्कं माहीत आहे. (औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि २०२४ मध्ये आमचं अहिल्यानगर झालं. एसटीचा कंडक्टर मात्र अजून ‘चला, नगर, नगर’ एवढंच ओरडतो. डब्यात तेवढंच मावतं.)

तरीही या डीटूएमबद्दल आमच्याकडे उत्सुकता आहे, आणि तिचं कारण कार्यक्रम नाही. कार्यक्रम काय, फोनवर आधीच इतके आहेत की जेवताना कुठला बघायचा हे ठरेपर्यंत भाकरी गार होते. कारण वेगळं आहे. आमच्या जिल्ह्याने टीव्ही कधी नुसता बघितलाच नाही, तो पकडला. दोन्हींत फरक आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाने बटण दाबलं की चित्र यायचं. बिचारा मग कार्यक्रमच बघत बसायचा. आम्ही चित्र कष्टाने आणायचो आणि ते आल्याच्या आनंदात कार्यक्रमाकडे दुर्लक्ष करायचो.

मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. पुढच्या वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं. आता सिंहगडापासून नगर हवेतून मोजलं तरी सव्वाशे किलोमीटरच्या वर. त्या केंद्राने आमच्यापर्यंत यावं अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती, त्या केंद्राची तर नाहीच. पण सिंहगड उंच, नगरचं पठारही बऱ्यापैकी वर, आणि नगरकर चिवट. ज्याच्या घरी टीव्ही आला त्याने आधी गच्चीवर पाइप उभा केला, पाइपवर पाइप चढवला, वर अॅल्युमिनियमच्या कांड्यांचा सांगाडा बांधला, चारी बाजूंनी ताणाच्या तारा दिल्या आणि बूस्टर लावला. घर एकमजली, अँटेना तीनमजली. लांबून बघणाऱ्याला वाटावं की इथे जहाज बांधतायत आणि समुद्राची वाट बघतायत.

हा सांगाडा चालवायला तीन माणसं लागत. एक गच्चीवर, पाइपाला मिठी मारून. एक जिन्यात. तिसरा टीव्हीसमोर. टीव्हीसमोरचा हा घरातला वडीलधारा असे, कारण खुर्चीत बसून करायचं काम ते एकच होतं.

“तात्या, दिसतंय का?” वरून हाक यायची.

जिन्यातला ती खाली पोचवायचा. तात्या पडद्यावरच्या मुंग्यांकडे टक लावून बसलेले.

“थोडं डावीकडं घ्यायला सांग त्याला.”

“डावीकडं घे!”

“माझ्या डावीकडं का तात्यांच्या?”

हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही, आजही नाही. एवढ्यात मुंग्या बाजूला सरत आणि मधून एक माणूस डोकावे. “आलं, आलं!” असा पुकारा खालून वर जाई. तो वर पोचेपर्यंत गच्चीवरचा आणखी दोन अंश फिरलेला असे. “गेलं!”

एकदा लागलेला अँटेना मग कुणी हलवायचा नाही. पण त्यावर कावळा बसायचा, संक्रांतीला पतंग अडकायचा आणि वैशाखात वावटळ यायची. त्यात लहरींचाही स्वभाव लहरी. जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम असा उलटा थर पडला की लांबच्या लहरी वर निसटून जाण्याऐवजी त्या थराखालून सरपटत येतात. त्यामुळे काही रात्री मुंबईच्या माणसालाही हेवा वाटेल असं स्वच्छ चित्र मिळे. नेमकं त्या वेळी ‘आमची माती, आमची माणसं’ चालू असे आणि ज्यांच्या सात पिढ्या त्या मातीत गेल्या ते लोक, फडताळावर ठेवलेल्या खोक्यात, युरिया किती टाकायचा ते डोळे फाडून बघत. शनिवारी मराठी सिनेमा लागला की मुंग्या हमखास परत. अर्धा सिनेमा आवाजावर बघायचा आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडे चित्र आलं होतं त्याच्याकडून शेवट विचारून घ्यायचा. तोही स्वतःच्या मनाने सांगायचा.

मग १९८४ आलं. सरकारने दिवसाला एक प्रक्षेपक या वेगाने देशभर केंद्रं उभारली. यथावकाश नगरच्याही वाट्याला मनोरा आला. चित्र आपोआप यायला लागलं आणि आमची एक कला गेली. रामायण लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे हे सगळेच सांगतात. गच्च्याही ओस पडल्या, हे कुणी सांगत नाही.

या कलेचं पुनरुज्जीवन झालं ते २००८-०९ च्या सुमारास, चायना मोबाइलमुळे.

ज्यांनी हा फोन पाहिला नाही त्यांना त्याची थोरवी सांगून कळणार नाही. दोन सिमकार्डं, मागे ओळीने स्पीकर, रिंग वाजली की शेजारचं गाव फोन उचलायचं, आणि वरच्या कोपऱ्यात एक बारीक कांडी. ती ओढली की लांबत जायची, आणखी ओढली की आणखी लांबायची आणि फोनवर चक्क दूरदर्शन दिसायचं. नेट नाही, पॅक नाही. आज ज्या गोष्टीसाठी आयआयटी, मंत्रालय आणि चिप लागते ती गोष्ट माळीवाड्याच्या बसस्थानकाबाहेर दोन-तीन हजारांत मिळत होती, वर कव्हर फुकट.

तेव्हा मोठमोठे लोक हेच करायला धडपडत होते. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये मोबाइलवर टीव्ही सुरू केला, जपानने २००६ च्या एप्रिलात. आपल्याकडे दूरदर्शनने नोकियाबरोबर २००७ मध्ये दिल्लीत चाचणी घेतली. डीव्हीबी-एच नावाचं ते तंत्र युरोपातही गाजलं आणि गाजता गाजता बंद पडलं. अमेरिकेत क्वालकॉमने मीडियाफ्लो नावाची सेवा काढली, तीही २०११ मध्ये मिटवली. फोन महाग, ग्राहक थोडे. इकडे पाथर्डीला निघालेल्या एसटीत मागच्या सीटवरचा तरुण खिडकीतून चायना मोबाइलची कांडी बाहेर काढून बसलेला, आणि त्याच्या खांद्यावरून आठ माणसं बातम्या बघतायत.

एसटीतही पद्धत तीच. कांडी धरणारा एक, पडदा बघणारा दुसरा, आणि “वळण आलं, तिकडं फिरव” असं सांगणारा तिसरा. करंजी घाट लागला की चित्र आडवं व्हायचं, मग तिरपं आणि मग ज्या मुंग्यांना आम्ही वीस वर्षांपूर्वी निरोप दिला होता त्या परत भेटायला यायच्या. मागच्या सीटवरच्या एखाद्या आजोबांचे डोळे त्या बघून पाणावले असतील. निदान डुलकी तरी मोडली.

तो सोहळा फार टिकला नाही. अशा फोनांना ओळख क्रमांकच नसायचा, आयएमईआय म्हणतात तो. २००९ च्या नोव्हेंबरअखेर सरकारने ते विनाओळखीचे फोन जाळ्यातून बाहेर काढले. फोन लागणं बंद, पण टीव्ही चालूच, कारण त्याला जाळं लागतच नव्हतं. कित्येकांनी मग तो फोन गोठ्यात खुंटीला टांगून टीव्ही म्हणून वापरला. धार काढताना बातम्या. म्हशीला तशीही देशाच्या परिस्थितीची माहिती कमीच असते.

शेवटी मनोराच मुका झाला. प्रसार भारतीने जुने अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने आवरले आणि २०२२ च्या मार्चपर्यंत मोजके सोडून बाकीचे बंद झाले. तोवर घरोघरी छत्री आलीच होती. मधल्या काळात, २०१६ मध्ये, दूरदर्शनने १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू करून पाहिलं. फोनला छोटं डोंगल लावायचं आणि टीव्ही बघायचा. त्या १६ त औरंगाबाद होतं. आम्ही पुन्हा वेशीवर. जे फुकट आहे ते बघायला डोंगल विकत घ्यायचं, हे गणित नगरच्या बाजारपेठेत कुणी कुणाला समजावूच शकलं नाही.

रेडिओचं मात्र बरं चाललं होतं. आकाशवाणीचं अहमदनगर केंद्र १००.१ वर, स्नेहालय संस्थेचा सामुदायिक रेडिओ नगर ९०.४ वर, वर खासगी वाहिन्या. साध्या फोनलाही एफएम असायचं. फक्त एक अट: हेडफोनची वायर खोचल्याशिवाय तो गाणार नाही. कारण ती वायर म्हणजेच अँटेना. ज्यांना मोठ्याने ऐकायचं होतं त्यांनाही वायर लावावीच लागे. त्यामुळे पारनेर-श्रीगोंद्याच्या माळावर बाभळीच्या फांदीला दोन बोंडं लोंबतायत, वायरच्या खालच्या टोकाला फोन आणि फोनवर कांद्याचे भाव, हे दृश्य अगदी रोजचं होतं. बाभळीला कान फुटले आहेत असं वाटायचं. मेंढ्या खाली ऐकत उभ्या.

मग फोन कंपन्यांनी हेडफोनचं भोकच बुजवलं. फोन पाण्यात पडला तरी चालेल, पण बाभळीवर चालणार नाही. बिनवायरीचे नवे इअरबड हे अँटेनाचं काम करत नाहीत, त्यामुळे बऱ्याच महागड्या फोनांत एफएम नाहीच. काहींत तो पकडणारी यंत्रणा आत असते, पण बंद करून ठेवलेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने फोन बनवणाऱ्यांना सूचना काढली की ज्यात एफएम आहे त्यात तो चालू ठेवा, ज्यात नाही त्यात आणायचं बघा. आपत्तीत टॉवर पडले, नेट गेलं तरी रेडिओ ऐकू येतो, हे त्यामागचं कारण, आणि ते खरं आहे. गंमत एवढीच की हजार-दोन हजारांच्या बटणवाल्या फोनमध्ये एफएम आहे आणि लाखाच्या फोनमध्ये नाही. पूर आलाच तर लाखवाल्याला गड्याकडे जाऊन बातम्या विचाराव्या लागतील. गडी सांगेलही, पण सावकाश.

पकडण्याच्या शास्त्रात आमचा खरा शेजारी मात्र वेगळाच आहे. आळेफाट्याच्या पलीकडे, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली, मुंगीच्या श्वासाहून क्षीण अशी लहर तिथे टिपतात. जागा निवडताना एक निकष असा होता की या भागात रेडिओ लहरींचा गोंगाट कमी असावा. म्हणजे जगातले मोठे शास्त्रज्ञ हिंडत हिंडत आले आणि नेमके याच मुलखात थांबले, कारण इथे काही लागत नाही. पारनेरचा माणूस हे त्यांना फुकट सांगू शकला असता.

आता पंचाईत अशी की डीटूएमसाठी ५२६ ते ५८२ मेगाहर्ट्झ हा पट्टा धरलाय आणि खोडदच्या दुर्बिणीचे कान त्याच आळीत टवकारलेले असतात. उद्या कुठली दीर्घिका मालिकेच्या शीर्षकगीतावर ठेका धरू लागली तर शास्त्रज्ञांनी घाबरू नये.

मोबाइल म्हणजे फिरतं, आणि फिरतं प्रसारण म्हटलं की आमच्या भुईकोट किल्ल्याचीही आठवण निघायला हवी. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, आझाद अशी काँग्रेसची जवळपास अख्खी कार्यकारिणी इंग्रजांनी इथे आणून ठेवली. सुरुवातीचे काही आठवडे त्यांना वर्तमानपत्रसुद्धा मिळत नव्हतं. त्याच महिन्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांचा सुगावा लागला की प्रक्षेपक उचलायचा आणि दुसऱ्या घरी न्यायचा. नोव्हेंबरात ते पकडले जाईपर्यंत हे चाललं. आज ऐकणारा फिरतो आणि केंद्र जागेवर असतं. तेव्हा केंद्र फिरायचं आणि ज्यांच्या नावाने ते चालायचं ते श्रोते कुलपात. देशभर ज्यांचे संदेश घुमत होते त्यांच्यापैकी एकालाही नगरच्या किल्ल्यात ते ऐकायची सोय नव्हती. नेहरूंनी मग ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. हाताशी मोबाइल असता तर ते पुस्तक झालं असतं असं वाटत नाही.

आणि ज्यांना प्रक्षेपकही नको, श्रोताही कुठे आहे याची फिकीर नाही, असे एक आमच्याच अरणगावात होऊन गेले. मेहेरबाबांनी १९२५ च्या १० जुलैला मौन धरलं आणि १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षं, सोडलं नाही. अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आणि नंतर नुसत्या खुणांनी त्यांचं म्हणणं अमेरिकेपर्यंत पोचलं. एकदाही “हॅलो, आवाज येतोय का?” न म्हणता.

जिल्ह्याने प्रसारणाची दुसरी बाजूही पाहिली. २०१३ च्या डिसेंबरात अण्णा हजारे लोकपालासाठी राळेगणसिद्धीतच उपोषणाला बसले. यादवबाबा मंदिराच्या परिसरात वाहिन्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या, टपावर पांढऱ्या छत्र्या उलगडलेल्या. मंदिरापुढे उभ्या असलेल्या माणसाचं चित्र गाडीतून ३६,००० किलोमीटर वर उपग्रहाकडे जायचं, तिथून खाली स्टुडिओत, स्टुडिओतून पुन्हा वर आणि पुन्हा खाली, त्याच माणसाच्या घरी. घर कुठे? मंदिराच्या मागच्या गल्लीत. घरची बाई पडद्यावर नवऱ्याला बघून हाक मारायची, “अवो, तिथं काय उभं ऱ्हायलाय, दळण आणायचं होतं नव्हं?” ही हाक भिंतीवरून थेट पोचायची, दीड लाख किलोमीटरचा हेलपाटा न घालता. राळेगणातला सगळ्यात वेगवान दुवा तोच होता.

वेगाचा विषय निघालाच आहे तर क्रिकेट. पूर्वी देशात षटकार एकाच वेळी बसायचा. आता तो घराघरांत वेगवेगळ्या वेळी बसतो. नेटवरून येणारा सामना काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात. फोन ते तुकडे आधी साठवतो आणि मग दाखवतो. कुणाचा साठा मोठा, कुणाचं नेट मंद. त्यामुळे आमच्या आळीत कोपऱ्यावरच्या घरात आरोळी उठते तेव्हा आमच्या फोनवर गोलंदाज अजून पँटला चेंडू घासत असतो. त्यानंतर पुढच्या घरात आरोळी, मग आमच्याकडे, मग वरच्या मजल्यावर. आनंद आळीतून पोस्टमनसारखा दारोदार फिरतो.

या गोंधळाचा फायदा घेणारा एकच इसम आहे: तात्या. त्यांच्याकडे जुना ट्रान्झिस्टर आहे. रेडिओवरचं समालोचन नेटच्या चित्राच्या पुढे पळतं. तात्या तो उशाशी, अगदी बारीक आवाजात लावतात, वरून टॉवेल टाकतात आणि पोरांच्या घोळक्यात येऊन बसतात.

“हा आता आउट होतोय बघ.”

“कशावरून, तात्या?”

“पाय हलंना त्याचा. चहा लागला?”

पोरं पैज घेतात. दहा-पंधरा सेकंदांनी त्रिफळा उडतो. तात्यांच्या क्रिकेटच्या ज्ञानाबद्दल सबंध आळीत जो आदर आहे तो या दहा-पंधरा सेकंदांवर उभा आहे, आणि महिन्याचा चहाही. डीटूएम आलं तर सगळ्या फोनांवर चेंडू जवळपास एकाच वेळी पडणार. कारण प्रसारणात प्रत्येकाला वेगळा तुकडा पाठवायचाच नसतो, एकदाच सोडायचं, ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं. दहा जणांनी पाहिलं काय नि दहा कोटींनी पाहिलं काय, मनोऱ्याला भार तोच. सरकार हाच मुद्दा मांडतं: चित्रांची वाहतूक अशी वेगळी काढली की मोबाइलचं जाळं मोकळं होईल. देशातल्या २८ कोटी घरांपैकी १९ कोटींतच टीव्ही आहे, स्मार्टफोन मात्र ८० कोटी, असे आकडेही सचिवांनी दिले. सगळं पटण्यासारखं आहे. तात्यांना सोडून.

मोबाइल कंपन्यांनाही पटलेलं नाही. पॅक विकून ज्यांचं घर चालतं त्यांनी बिनपॅकच्या टीव्हीला ओवाळावं तरी का? फोन बनवणारे म्हणतात चिप घातली की फोन महागणार. तरी २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत वेव्हज परिषद भरली त्या सुमारास डीटूएम चालणारे साधे, स्वस्त फोन आणण्याच्या घोषणा झाल्या. कुणी सांगावं, त्यांना कांडीही असेल.

एकाच वेळी सगळ्या फोनांवर काही येणं म्हणजे काय, याची चुणूक आपल्याला २०२३ च्या जुलैत मिळालीच आहे. सकाळची वेळ. अचानक खिशातले, उशाखालचे, बँकेच्या रांगेतले, किराणा दुकानातल्या गल्ल्यावरचे सगळे फोन एकदम भोंग्यासारखे किंचाळले. आपत्तीच्या इशाऱ्याची ती चाचणी होती. या पद्धतीत टॉवर कुणाचाही नंबर न विचारता टप्प्यातल्या सगळ्या फोनांना एकदम संदेश सोडतो. चितळे रोडवर भाजी घेणारी माणसं जागच्या जागी थिजली. एका मावशींनी फोन मेथीच्या जुडीत खुपसला. कुणाला वाटलं खात्यातले पैसे गेले, कुणाला वाटलं युद्ध सुरू झालं. धीर करून लोकांनी वाचलं तर त्यात लिहिलं होतं की ही चाचणी आहे, या संदेशाकडे दुर्लक्ष करा. सरकारने इतक्या माणसांच्या खिशात एकदम शिरून सांगितलेली ती पहिली गोष्ट, आणि ती लोकांनी तंतोतंत पाळली.

एरवी खिशातला हा पडदा फार खासगी झालाय. शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, पण तिथेही फोनला पॅटर्न लॉक असतो. एका खोलीत पाच माणसं, पाच फोन: आजीचं कीर्तन, सुनेची मालिका, नातवाचा गेम. पूर्वी एका खोक्यापुढे अख्खी आळी बसायची वगैरे आठवणी काढून उसासे टाकायची पद्धत आहे. मला त्यात विशेष तथ्य वाटत नाही. त्या आळीतल्या निम्म्या लोकांना चित्र दिसत नव्हतं आणि उरलेल्यांपुढे कुणाचं तरी डोकं होतं. आजीला आज जे हवं ते कीर्तन हवं तेव्हा मिळतं, नको तो भाग पुढे सरकवता येतो. कीर्तनकाराला पुढे सरकवण्याची सोय वारकरी संप्रदायाच्या सातशे वर्षांत प्रथमच झाली आहे.

पण ही सगळी चैन रेंज असणाऱ्यांची. जिल्ह्याच्या वायव्य टोकाला अकोले तालुका आहे. तिथे १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई आहे, महाराष्ट्राचा सगळ्यात उंच माथा. भंडारदरा आहे, रतनगड, हरिश्चंद्रगड आहे, आणि यांच्या कुशीतल्या कित्येक वाड्यांवर फोनला रेंज नाही. लहरींना डोंगर चढता येत नाही आणि वळसा घालायचा त्यांना कंटाळा. तिकडे प्रत्येक वाडीत एक ठरलेली जागा असते: एखादा कातळ, एखादं आंब्याचं झाड, शाळेच्या ओट्याचा डावा कोपरा. तिथे उभं राहिलं की फोनच्या कोपऱ्यात एक रेघ उगवते. टाळेबंदीत पोरांची शाळा अशाच कातळांवर भरली. तिथे उभ्या माणसाला खालून हाक येते, “लागला का?” आणि तो म्हणतो, “लागला, लागला... गेला.”

अशाच एका वाडीत, पाहुण्यांकडे गेलो असताना, मी डीटूएमची बातमी सांगितली. म्हटलं, अशा दुर्गम ठिकाणांसाठीच ही सोय, नेटशिवाय टीव्ही. पारावरच्या मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी टावर येनार?” एका आजोबांनी विचारलं.

टॉवर हा शब्द निघताच सगळे सावरून बसले. टॉवरला जागा लागते, जागेचं भाडं येतं. एकाने आपली खडकाळ पट्टी पुढे केली. दुसऱ्याने त्याच पट्टीवर आपल्या चुलत्याचाही हक्क असल्याचं सांगितलं. चुलते तिथेच होते. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की टॉवर व्हावा, पण किरणांचा त्रास नको, म्हणून तो शेजारच्या वाडीच्या अंगाला असावा आणि भाडं इकडे यावं. ग्रामसभा कधी घ्यायची इथपर्यंत गोष्ट गेली. मग मला नाइलाजाने पुढचं सांगावं लागलं, की डीटूएमला गावोगाव टॉवर लागत नाहीत. दूरदर्शनचे मूळचेच उंच मनोरे आहेत, त्यांच्यावरूनच लांबपर्यंत सोडायचं अशी कल्पना आहे.

“म्हंजी आपल्या वावरात काई न्हाई?”

“नाही.”

“अन् भाडं?”

“नाही.”

आजोबांनी टोपी सारखी केली.

“मंग कशाला बघायचा टीव्ही,” ते म्हणाले, आणि मंडळी यंदाच्या भाताकडे वळली.